झाकणावरचं नाव

प्रयोगशाळेत आलेल्या नव्या माणसाला काकू पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायच्या. पांढरा कोट कुठे टांगायचा, हात किती वेळ धुवायचे, चहा कुठल्या मजल्यावर बरा मिळतो, हे सगळं नंतर. आधी त्या पेशी वाढवायची एक रिकामी, झाकणाची प्लेट आणि मार्कर पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "नाव लिही." नवा माणूस, मग तो पदव्यांची माळ घालून आलेला का असेना, हटकून झाकणावर नाव लिहायचा. मग काकू तशीच दुसरी प्लेट घ्यायच्या, दोन्हींची झाकणं काढून पाठीमागे न्यायच्या, पुन्हा पुढे आणून लावायच्या आणि विचारायच्या, "आता सांग, कुठल्या प्लेटमध्ये कोण?" नवा माणूस झाकणं उलटसुलट करून बघायचा. "झाकण फिरतं, बूड फिरत नाही. नाव बुडावर लिहायचं." झाला धडा.

हा धडा न चुकता पास झालेला माणूस एकतीस वर्षांत एकही निघाला नव्हता. प्रयोगशाळेचे आजचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, तेसुद्धा वीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी असेच खजील होऊन उभे राहिले होते. त्यामुळे चारचौघांत काकू त्यांना "सर, तुम्ही" म्हणायच्या आणि दार लागलं की "अरे, तू". सरांनीही याबद्दल कधी तक्रार केली नाही. करून सांगणार कोणाला?

प्रयोगशाळा रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर होती. काम ऐकायला जादूचं, करायला मात्र रोजच्या स्वयंपाकाइतकंच चिकाटीचं. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना अशा अवस्थेत परत न्यायचं की अजून त्यांचं काय व्हायचं ते ठरलेलंच नाही. त्या झाल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांना वर्तमानपत्रवाले स्टेम सेल म्हणतात त्या. मग त्यांना हळूहळू, दिवसागणिक वेगवेगळे द्रव पाजून, हृदयाच्या पेशी व्हायला लावायचं. दोन आठवड्यांनी एखाद्या सकाळी सूक्ष्मदर्शकात डोळा घालावा तर प्लेटच्या तळाशी पातळसा थर आपला आपण धडधडत असतो. ज्या माणसाचं रक्त, त्याचंच ते हृदय, नखाएवढं. त्याला घाबरवून बघता येतं, औषध देऊन बघता येतं, आणि बिघडलं तरी माणूस आपल्या घरी सुखरूप असतो.

या पेशींना रोज खायला घालावं लागतं. रविवार नाही, सुट्टी नाही. सकाळी साडेआठला जुना द्रव ओढून घ्यायचा आणि कोमट केलेला नवा सोडायचा, तोही भिंतीवरून, हलकेच, अंगावर पडू न देता. काकूंच्या हाताखाली पेशी जगायच्या. इतरांच्या हाताखाली का मरायच्या याचं उत्तर कुठल्याच कागदात नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि सरांनी त्या विषयावर बोलणं टाकलेलं होतं.

त्या दोघी बहिणी सात महिन्यांपूर्वी आल्या होत्या. थोरली चौतिशीची, एका कचेरीत हिशेब बघणारी, दोनदा चक्कर येऊन पडलेली. एकदा बँकेच्या रांगेत, एकदा न्हाणीघरात. एरवी कोणी एवढं मनावर घेतलं नसतं, पण त्यांचे वडील एक्केचाळिसाव्या वर्षी बस पकडायला धावले आणि बसच्या पायरीवरच गेले होते. थोरलीच्या हृदयाचा आलेख चांगला होता. जनुकांची तपासणी केली, त्यात ओळखीचं काही सापडलं नाही. "पण आपल्या ओळखीची यादीच अपुरी असू शकते," असं हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी थोरलीला चौथ्या मजल्यावर पाठवलं.

धाकटी बरोबर आली होती ती केवळ तुलनेसाठी. आजारी माणसाच्या पेशी वाईट वागतात हे कळायला त्याच रक्ताच्या निरोगी माणसाच्या पेशी शेजारी लागतात. धाकटी जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. खांदे रुंद, केस आखूड, आणि दोन्ही खांद्यांना एकेक पिशवी. त्यातली मोठी थोरलीची होती.

"हिला काही उचलू देत नाही आम्ही," धाकटी म्हणाली. "पाण्याची बाटलीसुद्धा नाही."

"मी काय काचेची आहे का गं?" थोरली वैतागली. हे वैतागणंही रोजचंच असावं, कारण धाकटीने लक्षच दिलं नाही.

रक्त काकूंनीच काढलं. धाकटीने सुईकडे टक लावून बघत विचारलं, "काकू, माझ्या रक्ताचं हृदय करणार म्हणे. मग ते पोहेल का?"

"पोहेल की. पण शिट्टी फुंकायला तुम्हाला यावं लागेल."

धाकटी मोठ्याने हसली. काकूंनी अर्ज भरला: थोरली, रुग्ण; धाकटी, निरोगी, तुलनेसाठी. प्लेटवर खरं तर आकडे लिहायचे असतात. काकूही नावाच्या जागी आकडेच लिहायच्या, पण मनात त्या पेशींना थोरली आणि धाकटीच म्हणायच्या. इतके दिवस ज्यांना खायला घालायचं त्यांना सतराशे बेचाळीस म्हणून हाक कशी मारायची?

आता एका सकाळबद्दल. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. दोघींच्या हृदयपेशी तयार झाल्या होत्या आणि त्यांना मोजणीच्या खास प्लेटमध्ये हलवायचं होतं. त्या प्लेटच्या तळाला बारीक तारा असतात, प्रत्येक ठोका पडद्यावर रेघ होऊन उमटतो. या प्लेट आधीच आतून चिकट द्रवाचा थर देऊन फ्रीजमध्ये ठेवलेल्या असतात. बाहेर काढल्या की त्यांना घाम फुटतो आणि ओल्या प्लास्टिकवर मार्कर उमटत नाही. पंधरा मिनिटं थांबायचं, बूड कोरडं होऊ द्यायचं, मग नाव लिहायचं, अशी रीत.

काकू थांबणारच होत्या. पण पेशींना ऊबेत ठेवणारा इन्क्युबेटर बोंबलायला लागला. त्याची गॅसची नळकांडी संपली होती आणि आत इतर अकरा जणांची हृदयं होती. काकू धावल्या, नवी नळकांडी जोडली, परत आल्या. इकडे दोघींच्या पेशी जुन्या जागेवरून सुटवून ठेवलेल्या, त्यांना वेळ लावून चालत नाही. एका वेळी एकाच माणसाच्या पेशी समोर घ्यायच्या हा दुसरा नियम. काकूंनी दोघींच्या एकदम घेतल्या. बुडं अजून ओली होती, आणि पुसायची तर प्लेट तिरपी करावी लागली असती, आतला थर सांडला असता. मग काकूंनी झाकणं कागदाने टिपली आणि झाकणांवर नावं लिहिली.

दोन्ही झाकणं काढून बाजूला ठेवली, पेशी सोडल्या, आणि इन्क्युबेटर पुन्हा बोंबलला. काकू उठल्या, बटण दाबलं, बसल्या, झाकणं लावली. उजवं उजवीकडे, डावं डावीकडे. दहा मिनिटांनी बुडं वाळल्यावर झाकणावरून बघून बुडावर नीट नावं लिहिली. झालं. नंतर बघणाऱ्याला सगळं कसं रीतसर. काकूही विसरून गेल्या.

तीन आठवड्यांनी, सोमवारी दुपारी, सरांनी मोजणी केली. माणूस धावतो, घाबरतो किंवा भांडतो तेव्हा अंगात जे रसायन सुटतं, त्याचा एक थेंब दोन्ही प्लेटमध्ये टाकायचा. निरोगी पेशी भराभर धडधडतात, पण शिस्तीत. थोरलीच्या पेशी तशाच धडधडल्या. वेग वाढला, पण रेघा एकसारख्या.

मग धाकटीची प्लेट. थेंब पडला. दहा सेकंद सगळं ठीक होतं. नंतर एक ठोका मध्येच आला, मग दोन, मग रेघा अशा विस्कटल्या की पडद्यावर ओळीचा पत्ता नाही. सरांनी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

"हे उलटं कसं?" सर म्हणाले. "निरोगी आहे ती."

काकू पाठीमागे उभ्या होत्या. त्यांना एकदम ती सकाळ आठवली. ओली बुडं, दोन झाकणं, इन्क्युबेटरचा भोंगा.

सर मात्र मान हलवत होते. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर म्हटलं असतं अदलाबदल झाली. पण प्लेट तुमच्या हातच्या आहेत, काकू. म्हणजे प्रश्नच मिटला."

काकू काही बोलल्या नाहीत. याबद्दल त्यांनी नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही. आयुष्यभर जमवलेलं नाव त्यांच्या तोंडावर हात ठेवून उभं होतं. त्या गुपचूप कोट काढून घरी गेल्या.

घरी काकूंचे यजमान होते, गणिताचे निवृत्त मास्तर. संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे असे आणि तो ते मोजून मापून करत. काकूंनी कप हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लग्नापासून चौतीस वर्षं मी ऐकतोय, माझी चूक नाही, माझी चूक नाही. आज एकदम?"

"थट्टा नको. सांगा ना, काय झालं असेल?"

"दोनच शक्यता आहेत. पण दोनच आहेत म्हणून त्या सारख्या होत नाहीत. तू झाकणं उलटी लावली असशील असं तुला खरंच वाटतं?"

काकूंनी डोळे मिटून हातांना विचारलं. "नाही वाटत. पण शपथेवर नाही सांगता येत."

"आणि तुला काय निघायला हवंय?"

"माझी चूक," काकू पटकन म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. चूक निघाली तर थोरली आजारी, जी आधीपासून आजारीच धरलेली होती, जिला सगळं घर जपत होतं. चूक नसेल तर ती हसणारी, दोन पिशव्या उचलणारी पोर रोज सहा तास पाण्यात उतरत होती, बापाचं हृदय घेऊन.

"मग उद्या सांग," मास्तर म्हणाले. "आणि चहा पी, गार झाला."

मंगळवारी सकाळी काकूंनी पेशींना खायला घातलं आणि सरांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"अरे, मी झाकणावर नाव लिहिलं."

सरांना आधी कळेना. कळलं तेव्हा काकू वाट बघत होत्या ती रागावण्याची. पण सरांचा चेहरा उजळला. "अहो मग झालं तर! अदलाबदल झाली. ज्या पेशी विस्कटल्या त्या थोरलीच्या. सगळं जुळतं. चक्कर, वडील, सगळं." त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. त्यांनी लगेच कागद ओढला.

काकूंना वाटलं, जाऊ दे, असंच असू दे. सगळ्यांना हवं तेच उत्तर समोर वाढून ठेवलं होतं, फक्त मान डोलवायची होती. त्यांनी मान डोलवली नाही.

"जुळतं म्हणून खरं होत नाही. तपासून घे. प्लेटमधल्या पेशी आणि फ्रीजमधलं रक्त, दोन्ही पाठव. कोण कोणाचं ते तरी कळेल."

"पाठवतो. गुरुवारी उत्तर येईल."

"आणि तोवर ती मुलगी पाण्यात?"

सरांनी पेन खाली ठेवलं. खात्री नसलेली गोष्ट माणसाला सांगून घाबरवायचं नाही हा त्यांच्या धंद्यातला नियम, आणि तो काही वाईट नव्हता. पण काकू समोरून हलेनात, तेव्हा त्यांनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकलं आणि दोन वाक्यांत निकाल दिला: तिला कळवा, आजपासून पाणी बंद, धावपळ बंद. गुरुवारी माझ्याकडे पाठवा.

सरांनी धाकटीला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. पुन्हा वाजत राहिला.

"उचलत नाही."

"कशी उचलेल? पाण्यात आहे ती," काकू म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

तलाव दोन थांब्यांवर होता. काकू तिथे आयुष्यात पहिल्यांदा जात होत्या. दारावरच्या माणसाने बूट काढायला लावले. हातात बूट, खांद्याला पर्स, ओल्या फरशीवर एकेक पाऊल जपून टाकत त्या कडेला पोचल्या. औषधाच्या पाण्याचा वास, मुलांचा गलका, आणि मधोमध छातीभर पाण्यात धाकटी. दहा-बारा पोरं फळ्या धरून पाय आपटत होती आणि ती त्यांच्या पुढे उलटी उलटी पोहत ओरडत होती, "गुडघे नाही, मांड्या! मांड्या हलवा!"

काकूंनी हाक मारली. धाकटीने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "अय्या, रक्तवाल्या काकू! तुम्ही इथे कशा? शिकायचंय का?"

"बाहेर या."

"आलेच, ही शेवटची फेरी."

"फेरी नाही. आत्ता." नव्या माणसाच्या हातातली प्लेट काढून घेताना काकूंचा जो आवाज निघायचा तोच निघाला. धाकटी एका दमात शिडी चढून बाहेर आली. पलीकडच्या शिक्षकाला तिने पोरं सोपवली, पंचा गुंडाळला आणि दोघी बाकावर बसल्या.

काकूंनी आडवळण घेतलं नाही. "तुमच्या पेशी मीच सांभाळते. रोज साडेआठला खायला घालते. काल त्यांना घाबरवून बघितलं, तर त्यांची लय तुटली. ताईंच्या पेशी मात्र छान राहिल्या. आता यात एक गोष्ट आहे. नावं लिहिताना माझ्याकडून हयगय झाली. कदाचित प्लेट बदलल्या गेल्या असतील. परवा नक्की कळेल. तोवर पाण्यात उतरायचं नाही, पळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

धाकटी पंच्याचं टोक पिळत होती. "म्हणजे एक तर मी आजारी, नाहीतर तुम्ही चुकलात."

"हो."

"तुम्हाला काय वाटतं?"

"हात म्हणतात, मी चुकले नाही. मन म्हणतं, चुकले असेन तर बरं." काकूंनी हातातले बूट खाली ठेवले. "एकतीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं हो मला."

पलीकडे शिट्टी वाजली. पोरं कड धरून धापा टाकत उभी राहिली. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक सांगू? ताईला नाही सांगायचं."

"सांगा."

"गेल्या वर्षी शर्यतीत, आणि त्याआधी एकदा. जोर लावून हात मारत होते आणि छातीत काहीतरी फडफडलं. डोळ्यांपुढे अंधार आला. भिंत धरली, थोड्या वेळाने गेलं. म्हटलं, दम लागला असेल."

"कोणाला बोलला नाहीत?"

"कशी बोलणार? घरात आजारी माणसाची जागा एकच होती, आणि तिथे ताई होती. आईला आणखी एक झेपलं नसतं." ती हसायला गेली पण हसू पुरतं आलं नाही. "आणि ताईची पिशवी कोणी उचलली असती?"

कागद यायला अजून दोन दिवस होते, पण काकूंना जे कळायचं ते कळलं होतं. त्यांनी धाकटीचा ओला हात हातात घेतला. मग धाकटीने उठून गळ्यातली शिट्टी पलीकडच्या शिक्षकाला नेऊन दिली.

गुरुवारी दुपारी सर कागद हातात घेऊन जवळजवळ पळतच आले. काकू हातमोजे घालून बसल्या होत्या.

"काकू, तुमची चूक नव्हती! एकही पेशी इकडची तिकडे नाही. मी म्हटलं नव्हतं?" बोलता बोलता त्यांना उमगलं आपण काय बोलतोय ते, आणि ते मध्येच थांबले.

काकूंनी हातमोजे काढले. एक काढला, दुसरा काढला, नीट डब्यात टाकले. मग खुर्चीत बसून त्या रडल्या. लपवून नाही, तोंडावर पदर घेऊन नाही, सरळ रडल्या. सर शेजारी उभे राहिले, काय करावं न सुचून त्यांनी पेपर नॅपकिनचा आख्खा खोका पुढे केला.

"अरे, एकदा," काकू म्हणाल्या, "एकदा तरी चुकायचं होतं रे मला."

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी नोंदवही मागवली. तीन आठवड्यांपूर्वीचं पान काढलं आणि समासात लिहिलं: दोन प्लेट एकत्र घेतल्या. नावे आधी झाकणावर लिहिली. खाली सही. सर म्हणाले, आता याची गरज नाही, काही बिघडलं नाही. काकू म्हणाल्या, बिघडलं नाही म्हणूनच लिहितेय, बिघडलं असतं तर तू लिहिलं असतंस.

पुढे सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला छातीला तारा लावून, दोन माणसं शेजारी उभी करून, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, आणि प्लेटमधल्या त्याच विस्कटलेल्या रेघा कागदावर आल्या. तिची जनुकं आता तपासली, तर दोष तिथे होता, यादीतला, चांगला ओळखीचा. आजवर बघितलं नव्हतं एवढंच. जी कधी आजारीच पडली नाही तिला कोण तपासणार? थोरलीकडे तो नव्हताच. तिची चक्कर साधी निघाली. रक्तदाब कमी, उपाशी राहायची सवय आणि एका जागी फार वेळ उभं राहणं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

औषध आधी प्लेटला दिलं. पहिल्या गोळीने धाकटीच्या पेशी अर्ध्या सावरल्या. तिच्याबरोबर दुसरी दिली तेव्हा पुऱ्या सावरल्या. काकूंनी चार दिवस, चार नव्या प्लेटवर, थेंब टाकून टाकून खात्री केली. नावं बुडावर. मग त्याच दोन गोळ्या धाकटीला सुरू झाल्या.

महिन्याभराने दोघी बहिणी चौथ्या मजल्यावर आल्या. धाकटीला आपल्या पेशी बघायच्या होत्या. खांद्याला सवयीप्रमाणे दोन पिशव्या. काकूंनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिला खुर्ची दिली. धाकटीने डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"ही मी?"

"तुम्हीच."

"आता घाबरवा की."

काकूंनी थेंब टाकला. पेशी भराभर धडधडायला लागल्या. धाकटी श्वास धरून बघत होती. दहा सेकंद गेले, वीस गेले, मिनिट गेलं. शिस्तीत, एकामागून एक.

"पोहतायत," धाकटी म्हणाली.

"पोहतायत. तुम्ही मात्र एवढ्यात नाही."

"माहितीये. कडेला उभी राहून ओरडते आता. आवाज दुप्पट झालाय, पोरं वैतागलीत." तिने डोळे पुसले. "बाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी बघू."

थोरली आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं तर तिने मानेनेच नको म्हटलं. निघायची वेळ झाली. धाकटीने सवयीने दोन्ही पिशव्यांकडे हात नेला, तर त्या जागेवर नव्हत्या. थोरलीच्या दोन्ही खांद्यांवर होत्या.

"ताई, दे इकडे. जड आहे ती."

"असू दे."

"अगं दे ना. मी काय काचेची आहे का?"

थोरली दार पायाने उघडं धरून बहिणीसाठी थांबली, आणि धाकटी रिकाम्या हातांनी पुढे झाली. जिन्यावरून त्यांची भांडणं बराच वेळ वर ऐकू येत होती.